ह्यांच्या फोटोवर मध

काष्टी
ता. २ फेब्रुवारी

चि. मधुवंतीस पोटभर आशीर्वाद.

चि.च्या पुढं सौ. लिहू का नको, या विचारात पेन धरून बसले आणि चहावर साय धरली. शेवटी नुसतं चि. लिहिलं. चिरंजीव तर तू आहेसच, त्याला कोर्टाची हरकत नाही. संस्कृतीला दोन पापे, दोन्ही गालांना. एकाच गालाला दिला तर दुसरा रुसतो, असं ती लहानपणी म्हणायची.

फोन का केला नाही म्हणशील. दिवाळीला केला होता की. तू म्हणालीस "बऱ्या आहात ना", मी म्हणलं "बरी आहे", आणि मग दोघी मोबाईल कानाला लावून भिंतीकडं बघत बसलो. मला कागदावर बरं सुचतं. चौथीपर्यंतच शाळा झाली, पण आमचे गुरुजी पत्रलेखन घासून घ्यायचे. चुकलं तर पाटीवर थुंकून पुसायला लावायचे. असो.

काम असं निघालंय की तुझा वेल गळतोय.

दिवाळीला तू तेवढं एक सांगितलंस की मे महिन्यात नाशिकला तुझं स्वतःचं घर होतंय, मग संस्कृतीला घेऊन वेल न्यायला येते. तेव्हापासून मी त्या वेलाकडं पोटुशी बाईकडं बघावं तसं बघते. जाताना तू म्हणाली होतीस ना, आई, माझ्या आईचा वेल आहे, माझं घर होईतोवर सांभाळा. मग सांभाळायला नको? वेल आहे म्हणून तू येणार. वेल नसला तर काष्टीला तुझं काय काम उरलंय, मला सांग. मी काही इतकी भोळी नाही.

सुचित्राताईंनी तो रुखवतात ठेवला होता, आठवतं? सगळे साखरेचं वृंदावन ठेवतात, लोकरीचे पोपट ठेवतात. यांनी सुतळीच्या शिंक्यात वेलाची कुंडी टांगली. आमच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या की विहीणबाईंनी पोरीबरोबर पाला धाडला. त्याच पाल्याला पुढं मेणाची करून चिकटवावीत तशी फुलं आली, तेव्हा त्याच बायका रांगेनं बघायला आल्या. सगळ्या आळीत त्याला मेणवेल म्हणतात आता. देव सुचित्राताईंना सुखात ठेवो, जिथं असतील तिथं.

तर ओसरीत वेल टांगलेला आहे आणि त्याच्या खाली कपाटावर तुझ्या सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, फोटो आहे. पंधरवडा झाला, फोटोच्या काचेवर थेंब पडतात. चिकट. बोट लावून बघितलं तर गोड! फुलं असती तर समजलं असतं, फुलातनं मध गळतो हे मला ठाऊक आहे. पण फुलाचा पत्ता नाही आणि मध चालू.

हे मी शेजारच्या झुंबरबाईला सांगायला नको होतं. तिनं गावभर केलं. "छगनभाऊजींच्या फोटोवर मध पडतोया!" आता बायका येतात, फोटोला हळदकुंकू लावतात, वेलाला नमस्कार करतात. झुंबरबाई रोज सकाळी काचेवरनं बोट फिरवून तीर्थ घेते.

मी म्हणलं, "अगं, जन्मभर ह्या माणसानं गोड बोलून चहा मागितला न्हाई. मेल्यावर मध कुठनं गाळील?"

ती म्हणाली, "म्हनूनच तर. साठलेलं बाहेर पडतंय."

मी आपली काच पुसून घेतली.

पण हसण्यावारी नेता येत नाही, कारण पानं पिवळी पडायला लागलीत. काही पानांवर काजळी धरल्यासारखं काळं आलंय. वरच्या तारेवरनं मुंगळ्यांची ये-जा चालू असते, बाजाराला निघाल्यागत. माझ्या अमृतला विचारलं नाही. तो त्या वेलाखालनं जाताना खाली बघून जातो. शेतातल्या झाडावरचं पान न पान ओळखतो, पण ओसरीत मान वर करत नाही.

म्हणून तुला विचारते. एक पान पाकिटात घातलंय. तू रोज दवाखान्यात लोकांचं रक्त काचेखाली बघतेस, तसं हे बघ आणि सांग याला काय झालंय.

तुझी वाट बघणारी,
छबूबाई


काष्टी
ता. १६ फेब्रुवारी

चि. मधुवंतीस आशीर्वाद, आणि आधी तुझे पोटभर आभार मानते.

पत्र आलं. पोस्टमननं हाक मारली तेव्हा मी शेंगा फोडत होते, सगळ्या शेंगा अंगणात. तू पत्राच्या वर "ती. छबूबाई यांस" असं लिहिलंयस. अक्षर किती सुंदर. मी काही म्हणत नाही, तुला जे बरं वाटेल ते लिही.

पहिल्यांदा तू रागावलीस ते बरोबरच आहे. जिवंत कीड पोस्टानं पाठवायची नसते, तुझ्याही घरी झाडं आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं पान म्हणजे पान. पाकीट तू गॅलरीत नेऊन फोडलंस आणि पान पिशवीत बांधून टाकलंस, चांगलं केलंस. पण बघितलंस, ओळखलंस, आणि वर दवाखान्यातले स्पिरिटचे बोळे आणि ते भिंग पाठवलंस. एवढं कोण कुणासाठी करतं? परक्यासाठी तर कुणीच नाही.

भिंग लावून बघितलं आणि मी पान टाकूनच दिलं हातातनं! मला वाटत होतं कापसाची बोंडं चिकटलीत, गादीवाल्याकडनं उडून आली असतील. तर त्या कापसाला पाय! तू लिहिलंयस तसंच, पांढरं पीठ अंगाला लावलेले, चपटे, बेचक्यात दाटीवाटीनं बसलेले. पिठ्या ढेकूण. अगं, सीताफळाला पडतो तो मला पाठ आहे. ओसरीत, कुंडीत, शिंक्यावर येऊन बसेल असं कुणाला वाटतंय. ओळखीचा माणूस परगावच्या बाजारात भेटला की पटकन ओळखू येत नाही, तसं झालं.

आणि तो मध. तू सरळ लिहिलंयस की ते किडे वेलाचा रस पितात आणि जास्तीचा मागनं सोडून देतात. मी ते वाक्य परत वाचलं. मग चप्पल घातली आणि झुंबरबाईकडं जायला निघाले, तर तीच आली, आंघोळ करून, तीर्थ घ्यायला.

"झुंबरे, थांब. बोट लावू नको."

"का गं? भाऊजी कोपलं?"

"भाऊजींचं न्हाई ते. किड्यांचं हाय."

"किड्यांचं काय?"

आता कसं सांगायचं. म्हणलं, "किडे… सकाळी जाऊन येतात ना, ते."

तिचा हात तिथंच राहिला. मग ती मोरीवर गेली आणि इतक्या चुळा भरल्या की म्या हंडा पुढं केला. तोंड पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "गोड हुतं पन!" आणि मग फोटोकडं बघून, "भाऊजींनी जाता जाता बी फसवलं."

त्या दिवशी आम्ही दोघी इतक्या हसलो की मला ठसका लागला. ह्यांच्यासमोर एवढ्या मोठ्यानं मी कधी हसले नव्हते. फोटो पुसून आत नेऊन ठेवलाय.

वेल सांगितल्याप्रमाणं बाकीच्या झाडांपासून लांब केला. न्हाणीघराशेजारी सावलीत नेला. आधी पाण्याचा फवारा, पानाच्या खालून. मग एकेक बेचकं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. पुसलं की ढेकणाचं पीठ जातं आणि आतला गुलाबी जीव दिसतो. मग रिठ्याचं पाणी. शिडीवर चढून एकीनं उतरवून दिला, तिनंच निम्मी पानं पुसली. माझे गुडघे शिडी चढत नाहीत आता.

आता वेल लखलखतोय. मेमध्ये तू बघशीलच.

संस्कृती पत्रात काहीच का लिहीत नाही? एक रेघ मारली तरी चालेल. चित्र काढलं तरी.

तुझी,
छबूबाई


काष्टी
ता. ११ मार्च

चि. मधुवंतीस आशीर्वाद.

घाबरू नको म्हणून सुरुवात करणार होते, पण मीच घाबरलेय.

ढेकूण परत आला. पहिल्यापेक्षा जास्त. एकदा पुसून वेल चकाचक दिसला आणि मी निवांत झाले. तू लिहिलं होतंस की आठ-आठ दिवसांनी परत करा, अंडी फुटतात. ते मी वाचलं, पण म्हणलं आता काय राहिलंय. घर सारवलं की झालं, तसं. आता कळलं की हे काम सारवणाचं नाही, दाढीचं आहे. रोज वाढते.

पण खरी गोम वेगळीच निघाली. कुंडी धुतली, पानं पुसली, वरची माती बदलली. शिंकं मात्र धुतलं नाही. सुचित्राताईंच्या हातच्या गाठी त्याला. दर वेळी मी ते सुटं करायची, देवाच्या वस्त्रासारखं घडी घालून बाजूला ठेवायची आणि वेल स्वच्छ झाला की परत त्यातच कुंडी. आणि ढेकणांनी अंडी घातली होती त्याच गाठींत! मान ठेवला तिथंच चोर लपला. भिंगातनं बघितलं, गाठीच्या पोटात कापूस ठासून भरलेला.

जाळून टाका असं झुंबरबाई म्हणाली. मी नाही जाळलं. पातेल्यात पाणी खळाखळा उकळलं, शिंकं त्यात बुडवलं, वर झाकण. भात शिजवावा तसं. गाठ एकही सुटली नाही. कसली बाई होती ती, गाठ मारावी तर अशी.

मुंगळ्यांचंही तू म्हणालीस तेच खरं. ते मधासाठी ढेकूण राखतात, गुराख्यासारखे, इथनं तिथं नेऊनही सोडतात. आता छताच्या कड्याला वंगण फासलंय. मुंगळे तिथपर्यंत येतात, मिशा हलवतात, चर्चा करतात आणि माघारी जातात.

आता दुसरं. मागं मी "एकीनं" असं लिहिलं. ती एकी म्हणजे रुपाली. मार्गशीर्षात अमृतनं लग्न केलं. मुलगी पाथर्डीकडची आहे. आईबाप दरसाल ऊसतोडीला जात, हिनं त्यातनं बारावी केली. मी लपवलं असं समजू नको. पत्रात कुठं लिहावं ते सापडत नव्हतं. वर लिहिलं तर बातमी दिल्यासारखं, खाली लिहिलं तर उरकल्यासारखं. म्हणून मध्ये लिहिलं.

ती वाईट नाही गं. हे तुला सांगायला मला कसं वाटत असेल याचा विचार कर. पण खोटं लिहू का?

परवा अमृत फवारणीचा पंप घेऊन ओसरीत आला. "आये, डाळिंबाला मारतो ते एक टाकी मारतो. निवांत व्हशील."

मी म्हणलं, "डाळिंब माझ्या ताटावर टांगलेलं न्हाई. इथं मी जेवते, झोपते. विषाचा पंप उंबऱ्याच्या बाहेर ने."

तो थांबला. आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्यानं मान वर करून त्या वेलाकडं बघितलं. शेंड्यापासून बुडापर्यंत. म्हणाला, "लई खराब झालाय की गं." पंप खाली ठेवला आणि पायरीवर बसून राहिला. मी चहा केला, तो प्यायला नाही. संध्याकाळी श्रीगोंद्याहून निंबोळी तेलाची बाटली घेऊन आला. थोडं तेल, चमचाभर साबणाचं पाणी, कोमट पाण्यात घुसळून, ऊन उतरल्यावर मारायचं. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस बघायचं. हे तो सांगत होता आणि तूही अगदी हेच लिहिलंयस.

पण लांब लोंबलेल्या फांद्या वाचणार नाहीत. पार किडल्यात, काळ्या पडल्यात. कापायला पाहिजेत. रुपाली कात्री घेऊन आली आणि उभी राहिली. म्हणाली, "आत्या, तुमी कापा. माझ्या हातानं मेला तर लोकं म्हनतील सवतीनं मारला."

मधुवंती, एवढीशी पोर. कात्री माझ्यापुढं धरली.

मी म्हणलं, "मग दोघी धरू. मेला तर अर्धा अर्धा वाटून घेऊ." तिनं एक कडी धरली, मी एक. कापलं तिथनं पांढरं दूध आलं, टपटप. ती तोंडानं "बास, बास, झालं" असं म्हणत होती, ल्हान लेकराला इंजेक्शन देताना म्हणतात तसं.

आता कुंडीत बोडका खुंट आहे आणि चारदोन पानं. तुझ्या आईचा वेल आम्ही असा केला. जगेल का, ते लिही. लवकर लिही.

छबूबाई


काष्टी
ता. २ एप्रिल

चि. मधुवंती,

पत्र आलं नाही. पोस्टमनला विचारून विचारून त्यानं आता आमच्या आळीतनं सायकल घालायची सोडली.

वेल जिवंत आहे. एवढंच कळवायचं होतं. रुपालीचं नाव वाचून पत्र बाजूला ठेवलं असशील, तर ते मला समजतं. उत्तर नको लिहूस. पण मे महिन्यात ये. वेल उंबऱ्यावर आणून देईन, आत यायची सक्ती नाही. संस्कृती किती उंच झाली तेवढं बघू दे.

छबूबाई


काष्टी
ता. २० एप्रिल

माझी चि. मधुवंती,

तुला आयुष्य मिळो, सुख मिळो, नव्या घरात पाण्याचा दाब चांगला मिळो!

संस्कृतीला कांजिण्या झाल्या होत्या होय? आणि मी काय काय डोक्यात घेऊन बसले. बिचारी. खाजवू देऊ नको, कडुलिंबाच्या पाल्यानं आंघोळ घाल. आता बरी आहे हे वाचलं तेव्हा देवाला साखर ठेवली. फोटोला नाही हां, देवाला.

तुझं पत्र घरात सगळ्यांनी वाचलं. तू वर "ती. आई" लिहिलंयस. ते आधी मी एकटीनं वाचलं, मग बाकीच्यांना दिलं.

आणि खाली तू लिहिलंयस, "रुपालीला सांगा, एक वेल कापला की कात्री स्पिरिटनं पुसून मगच दुसऱ्याला लावायची. आणि खुंट जगेल. तिनं बरोबर जागी कापलाय." बाई, ही काय साधी ओळ आहे? रुपालीनं ते पत्र घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज नाही. मी डोकावले तर ओट्याला टेकून वाचतेय. मला बघून म्हणाली, "ताईंचं अक्षर लई भारी हाय." आणि कात्री पुसायला घेतली. तेव्हापासून ती विळी पुसते, सुरी पुसते, अमृतची दाढीची कात्रीसुद्धा स्पिरिटनं पुसून ठेवते. तो म्हणतो, "घर हाय का दवाखाना?"

खुंटाला कोंब फुटलाय! आधी लांब दोरीसारखा बाहेर येतो, पानं नाहीतच, नुसता इकडं तिकडं आधार शोधतो. आंधळ्यानं हात पुढं करावा तसा. मग सावकाश पानं. मी त्याला काडी दिली.

आता मी जरा शहाणी झालेय, ते ऐक. स्वयंपाकघरातला मनीप्लांट मलूल झाला होता, पानावर बारीक बारीक फिकट ठिपके, रवा सांडल्यागत. रुपाली म्हणाली, आत्या, ढेकूण आला! मी म्हणलं, थांब, ढेकूण असता तर कापूस दिसला असता. चुलीजवळची कोरडी हवा, पानाखाली कोळिष्टकासारखं बारीक जाळं. पांढऱ्या कागदावर पान झटकलं तर लाल लाल टिंबं चालायला लागली. लाल कोळी! उन्हाळ्यात वांग्यावर पडतो तोच. त्याला न्हाणीत नेऊन चांगला पाण्याखाली धरला, पानाच्या दोन्ही अंगांनी, आणि गार जागी टांगला. चारदोन दिवसांआड अंघोळ घालते. हसतोय आता.

वाल्मिक शिंप्याच्या बायकोनं तिच्या वेलाची तक्रार आणली की कुंडीतनं चिलटं उडतात, कसलं औषध मारू. मी बोट घातलं मातीत, नुसता चिखल. म्हणलं, औषध तुझ्या हाताला पाहिजे, तांब्या घेऊन पळत असतीस सारखी. वरची माती वाळल्याशिवाय पाणी घालू नको. दुसरी एक आली, तिच्या वेलाच्या दांड्यावर तपकिरी मसुरीसारखे चिकटलेले डाग. नखानं खरवडला तर निघाला. खवले कीड. तिला जुना दातांचा ब्रश आणि साबणाचं पाणी सांगितलं. झुंबरबाई सगळ्यांना सांगते की आमची छबू झाडांची डॉक्टरीण झाली. पण माझ्या हातचं काही तोंडात घालत नाही अजून, वास घेऊन बघते.

हे सगळं तू दिलंस. तो भिंगाचा तुकडा आणि दोन-तीन पत्रं. मला या वयात कुणी काही शिकवेल असं वाटलं नव्हतं. बायका म्हातारीकडनं शिकायला येतात, तिला शिकवायला कोण येतं?

अमृत परवा म्हणाला की मला नाशिकला जायचंच आहे, वेल गाडीत टाकून पोचवतो. मी एकदम नको म्हणलं. मग त्यालाच वाईट वाटेल म्हणून सांगितलं, प्रवासात कोंब मोडेल. तो माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "व्हय, कोंब मोडंल." त्यालाही कळतं सगळं.

तू ये. मी धरून ठेवणार नाही, तुझा आहे, तू ने. रोज सकाळी भिंग लावून पानाच्या वर, पानाच्या खाली, बेचक्यात, गाठीत, कुंडीच्या काठाखाली बघते. एकसुद्धा किडा देणार नाही तुझ्या नव्या घरात. शब्द आहे माझा.

तुझी,
आई


काष्टी
ता. २७ मे

माझी चि. मधुवंती,

सुखरूप पोचलात हे कळलं. एसटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं आता, आणि मी तुला नगरला उतर, नगरला उतर करत राहिले. संस्कृती म्हणाली, आजी, पाटी वाचता येते मला. वाचता येते! गेली तेव्हा जोडाक्षरं अडत होती.

घर कसं मोकळं वाटतंय, पण वाईट नाही वाटत. जेवण झाल्यावर पोट मोकळं वाटतं का? तसंच.

मी परत परत तेच आठवत बसते. तू अंगणात उभी, आणि रुपाली आतनं बाहेर यायला तयार नाही. मी हाक मारली तर म्हणते, पीठ मळतीये. तास झाला पीठच मळतेय. शेवटी तूच आत गेलीस. काय बोललात देव जाणे, पण बाहेर येताना दोघींच्या हाताला पीठ होतं. अमृत गोठ्यातच राहिला, गाईला आंघोळ घालत. ती गाय सकाळीच धुतलेली होती. मग संस्कृती तिकडं गेली आणि मला लांबनं एवढंच ऐकू आलं, "पप्पा, हिचं नाव काय?" पुढचं मी ऐकलं नाही. मुद्दाम आत आले.

मग वेल खाली घेतला. मी तुझ्यासमोर आणून ठेवला, शिंकं धुतलेलं, कुंडी पुसलेली, नवी पानं तेल लावल्यासारखी. तुझे डोळे भरले ते मी बघितलं नाही असं केलं. तू पर्समधनं तुझं भिंग काढलंस. पान वर, पान खाली. बेचकं. मी आपली दहावीचा निकाल असल्यागत उभी. दहावीपर्यंत गेले नाही तरी.

आणि तू एका जागी थांबलीस. म्हणालीस, "आई, इथं एक आहे."

"कुठं गं?"

"हा काय, दांड्याला चिकटलाय. तपकिरी."

संस्कृती उड्या मारायला लागली, "मला बघू दे, मला बघू दे!" तर तू तिला म्हणालीस, "तुला नाही दिसणार." आणि भिंग मिटून पर्समध्ये टाकलंस. "असा नेता येणार नाही. माझ्याकडं दुसरी झाडं आहेत. तुम्ही औषध चालू ठेवा. गणपतीत संस्कृतीला सुट्टी असते, तेव्हा परत येऊन बघते."

मी मान हलवली. माझा शब्द खोटा पडला म्हणून इतकी शरम वाटली की तुम्हाला वाटेला लावताना मी दशम्या द्यायला विसरले. रुपाली पळत आली मागनं.

तुमची गाडी गेली तशी मी घरी येऊन चष्मा लावला, वर भिंग धरलं, आणि वेल उन्हात नेला. माझे दोन्ही मोतीबिंदू काढलेत हे तुला ठाऊक नसेल. मला आता वाल्मिकच्या सुईचं नेढं दिसतं.

मधुवंती, तो किडा नाही. तो फुलाचा खुंट आहे. मागच्या फुलांचा झुबका गळला की दांड्यावर जो बोटभर तपकिरी खुंट राहतो, तो. त्याच खुंटातनं दर साली परत फुलं येतात, म्हणून तो कधी कापायचा नसतो. हे मला कुणी सांगितलं होतं, आठवतंय का तुला? सुचित्राताईंनी. आणि तू त्यांच्या शेजारी उभी होतीस, हिरव्या चुड्यात, आणि म्हणाली होतीस, "अगं आई, सांगितलंय मी त्यांना, कितीदा सांगशील."

मी तिथंच पायरीवर बसले. रुपाली आली, म्हणाली, काय झालं आत्या. मी तिच्या हातात भिंग दिलं. तिनं बघितलं, परत बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं. शहाणी पोर आहे. म्हणाली, "व्हय आत्या, हाय की. चांगलाच चिकटलाय. लवकर न्हाई जायचा ह्यो."

तेव्हा तुला कळवते की कीड अजून आहे. औषध तू सांगितलंस तसं चालू ठेवलंय, म्हणजे साधं पाणी मारते, त्यानं काही बिघडत नाही. अमृत विचारत होता, त्यालाही हेच सांगितलं. कीड मोठी चिवट आहे, गणपतीपर्यंत हटेल असं वाटत नाही, आणि गणपतीत नाही हटली तर दिवाळीत तुला परत एकदा बघून जावं लागेल.

खुंटाच्या टोकाला काल बारीक हिरवे दाणे आलेत.

तुझी,
आई